सगळं पब्लिक करून टाक

अंधेरीच्या एमआयडीसीत ऑनलाइन दुकानं बांधून देणाऱ्या पोरांकडे एक रामबाण उपाय आहे. साइटवर साडीचा फोटो दिसत नाही? फाइली ठेवायची क्लाउडवरची बकेट पब्लिक कर. दिसला? बिल पाठव. घाटकोपरचा साडीवाला खूश, पोरगाही खूश. पुढचं निस्तरायला मला बोलावतात, म्हणून माझ्या तोंडाचा पट्टा जरा जास्तच चालतो.

उघड्या बकेटांपायी जगभर इतक्यांची अब्रू गेली, की एप्रिल २०२३ पासून ॲमेझॉनच्या एस-थ्रीवर नवी बकेट बंदच मिळते. उघडायची तर टिक स्वतः काढायची, वर इशारा वाचून ‘हो, मला कळतंय’ म्हणायचं. आमचे वीर न वाचताच म्हणतात.

साडीचा फोटो जगाने पाहावा, त्यासाठीच तो काढलाय. पण त्याच बकेटच्या ‘अपलोड्स’मध्ये गिऱ्हाइकांच्या यूपीआय पेमेंटचे स्क्रीनशॉट असतात, आधार कार्डं असतात (साडी विकायला आधार कशाला, हा तमाशा वेगळाच). फाइलींची नावं १००१, १००२. एक लिंक हाती लागली की पुढचा आकडा टाकत जायचं, बस. अरे, दोन बकेट करा! एक फोटोंची, पुढे सीडीएन (फोटो झटपट पोचवणारं जाळं) लावलेली. दुसरी कागदांची, पूर्ण बंद, जिथे काही मिनिटांत मुदत संपणारी सही केलेली लिंकच चालेल. रिकाम्या बकेटचं भाडंही लागत नाही.

मग किल्ली. सगळे अधिकार असलेली ॲक्सेस की थेट कोडमध्ये, कोड गिटहबवर, रेपो पब्लिक. असल्या किल्ल्या हुंगत बॉट फिरतच असतात. फोटो चढवायला नुसती चढवण्याची परवानगी पुरते, पण ती लिहायला डॉक्युमेंटेशन वाचावं लागतं. ‘फुल ॲक्सेस’ एका क्लिकवर मिळतो. मुंबईत ॲमेझॉनच्या डेटा सेंटरांचं रीजन २०१६ पासून आहे, तरी बोरिवलीच्या दागिनेवालीचे फोटो व्हर्जिनियात, कारण यूट्यूबवरच्या मास्तरने तेच निवडलं होतं.

आणि शेटजी, तुम्हीही सुटत नाही. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेच्या हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्याच्या लेखी गिऱ्हाइकाच्या माहितीचे जबाबदार तुम्ही, पोरगा नव्हे. गाळ्याचं लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर केल्याशिवाय चावी न देणारे तुम्ही, बकेटचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे हे कधी विचारलंत? मी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘तो पोरगाच बघतो सगळं.’ पोरगा बंगळूरला गेला, पासवर्ड घेऊन.