जाड दाण्याची बाजू

दारूच्या बाबतीत मी जाड दाण्याच्या पक्षाचा आहे. भुवया उंचावू नका. बाटलीतली नव्हे, बंदुकीची दारू म्हणतोय मी. सोरा, गंधक, कोळसा हे जिन्नस तेच. पण दाणा बदलला की स्वभाव बदलतो. दारू दाण्याच्या पृष्ठभागावरून आत जळत जाते. बारीक दाणा भस्सकन पेटतो, जाडा सावकाश. म्हणून जुन्या काळी तोफेला जाड दारू, बंदुकीच्या काडतुसाला बारीक. उपम्याला जाड रवा आणि लाडवाला बारीक, तसंच हे.

दिवाळीत बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांतून हा विवेक जातो कुठं? भुईनळ्यात लोखंडाचा कीस जाडसर असतो, म्हणून तर ठिणगी वर जाऊन जळत राहते. ते सोडून आमचे वीर सुतळी बॉम्बच्या मागे! आत अ‍ॅल्युमिनियमची पिठासारखी भुकटी. एक कानठळी, की संपलं. दोन इमारतींच्या फटीत आवाज जाणार कुठं? तळमजल्यावरच्या आजोबांच्या छातीत!

चार मीटरवर १२५ डेसिबल ही मर्यादा १९९९ सालची. २०२३ च्या दिवाळीत उच्च न्यायालयानं मुंबईला रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली. पण सुतळीला घड्याळ कळतं थोडंच?

"अहो, परंपरा आहे!" म्हणे. मग तोफेची परंपरा चालवा, जाड दाण्याची! माझी वर्गणी भुईनळ्यांसाठी खुशाल घ्या. बॉम्ब आणणार असाल, तर माझ्या नावाची पावती फाडू नका.