देवाच्या नावावर मावेजा

दोस्तहो, आपल्या धाराशिव जिल्ह्यात विकास येतोय म्हणे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेला जमिनी लागल्या. पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत तुळजापूर आहेच. देवीच्या नावानं रस्ता! माझा सवाल एकच. जिथं देवस्थानची इनामी जमीन संपादनात जाते, तिथं मावेजा कुणाचा?

वहिवाटदार, पंच, विश्वस्त म्हणतात, आम्ही उचलणार. उचला. देव काही तहसिलीत येऊन अंगठा देत नाही, सही कुणीतरी करायलाच पाहिजे. पण सही करणारा मालक नव्हे. मी गोदीत पोती वाहतो. टॅली क्लार्क पावतीवर सही करतो, म्हणून माल त्याच्या घरी जात नाही. २०२१ साली मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं: मालक देव, पुजारी फक्त व्यवस्थापक. आणि कायदा तर १८९४ पासून बजावतोय की मावेजा ज्यानं घेतला, त्यानं तो खऱ्या हक्कदाराला देणं लागतो.

हा हक्कदार कोण? इथंच सगळ्यांची दातखीळ बसते.

१९४९ साली निजामाची सर्फ-ए-खास सरकारात गेली. बदल्यात निजामाला वर्षाला २५ लाख रुपये. जागीरदारांनाही भरपाई. ज्यानं ती जमीन नांगरली त्याला काय? घंटा! १९५४ साली हैदराबादचा इनाम निर्मूलन कायदा झाला, त्यातून देवस्थानी इनामं वगळली. राजा गेला, जागीरदार गेला, देव राहिला. आणि देवाच्या आडोशाला वहिवाटदार राहिला.

आता गंमत बघा. तुळजाभवानी मंदिर संस्थानचा अध्यक्ष जिल्हाधिकारी. जिल्ह्यातलं भूसंपादनही त्याच्याच कचेरीखाली. म्हणजे संस्थानची जमीन गेली तर देणारा हातही सायबाचा, घेणारा हातही सायबाचा. मधल्या मध्ये राबणाऱ्याचं कोण?

२०१३ चा भूसंपादन कायदा वाचा. बटईनं कसणाराही त्यात हितसंबंधित आहे, मावेजात हिस्सा मागू शकतो. संपादनाआधी तीन वर्षं त्या जमिनीवर राबून पोट भरणारा भूमिहीन मजूर बाधित कुटुंबात येतो, त्याला पुनर्वसनाचा हक्क आहे. पण बटई तोंडी. पीकपाहणीत नाव नाही. तलाठी म्हणतो, कागद दाखव. अरे, आमच्या आज्यानं कागद मागितला असता तर दुसऱ्या दिवशी रान सुटलं असतं! ज्यांनी कागद होऊ दिला नाही, तेच आज कागद मागतात.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांना घेऊन सत्याग्रह केले, ते जमिनीसाठी. आज तीच जमीन डांबराखाली चाललीय आणि आपण मुंबई-पुण्यात बसून फक्त कविता लिहितोय. मीसुद्धा.

म्हणून आपली मागणी सरळ आहे. देवस्थानचा मावेजा बँकेत बांधून ठेवा. त्यातून जमीनच घ्या, कळसाला सोनं नको. ती भूमिहीनांना कसायला द्या. पंचनाम्याच्या वेळी बटईदाराचं, मजुराचं नाव गावासमोर विचारून लिहा. मावेजाचा हिशोब चावडीवर लावा.

आणि पोरांनो, तुम्ही गावाकडं जा. २०१३ च्या कायद्यानं हरकतीला ६० दिवस मिळतात, राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यानं फक्त २१. अधिसूचना निघाली की गट नंबर बघा, कोण कसतं ते विचारा, साक्षीदार उभे करा, हरकत टाका, पोच घ्या. वहिवाटदाराच्या आधी आपला अर्ज कचेरीत पडला पाहिजे.

जयभीम.