जहाजातून आलेलं, होडीतून आलेलं

बँकेत होतो तेव्हा एलएफसीची बिलं माझ्या टेबलावरून पुढे जायची. सहकारी कुटुंबासह कुठे कुठे जाऊन यायचे, तिकिटं जोडायचे आणि सही होईपर्यंत समोरच्या खुर्चीत बसून प्रवासाची हकिगत सांगायचे. तिचा शेवट ठरलेला असे. "बाकी सगळं छान हो साहेब, पण जेवणाचे हाल!" या हालांच्या दोन जाती होत्या. काही म्हणत, 'खाण्यापिण्यात लुटलं.' काही म्हणत, 'आपल्यासारखं काही मिळालंच नाही.' आमचे एक जुने शाखाधिकारी यावर सही करता करता म्हणत, "भाडं बँकेचं, पोट ज्याचं त्याचं!"

कित्येक वर्षं मी या दोन वेगळ्या तक्रारी समजत होतो. डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही अंदमानला आठ दिवस राहून आलो आणि माझ्या लक्षात आलं की तक्रार एकच आहे. बेटावर जाऊन जो घरचं मागतो, तोच लुटला जातो.

आम्ही पाच जण होतो. मी, सौ., मुलगा, सूनबाई आणि नऊ वर्षांची नात. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं होतं, पण आमचा रिक्षावाला अजून जुन्याच नावाने बोलत होता. तिथून बोटीने हॅवलॉकला गेलो. २०१८ पासून त्याचंही सरकारी नाव स्वराज द्वीप आहे. मुलाने समुद्राकाठचं चांगलं हॉटेल घेतलं होतं. पहिल्या रात्री जेवण तिथलंच. बुफे, माणशी नऊशे रुपये, नातीला निम्मे. पनीर बटर मसाला, गोबी मंचुरियन, पांढऱ्या सॉसमधला पास्ता, गुलाबजाम. मासा होता, पण त्याच्या अशा पट्ट्या कापून तळल्या होत्या की त्याचं कूळ ओळखू येऊ नये. नातीने ताटात पाच पदार्थ घेतले आणि साडेतीन टाकले. बिल आलं चार हजार पन्नास.

मी बोललो काहीच नाही. पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचा चेहरा हेच एक पासबुक असतं. मुलाने ते वाचलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा, तुम्हाला दीवचा पापलेट आठवतो?"

मला आठवत होता. फक्त त्याला आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

१९९४ साली एलएफसीवर आम्ही दीवला गेलो होतो. वेरावळपर्यंत रेल्वे, पुढे बस. मुलगा सात वर्षांचा होता. मी रोज रात्री खिशातल्या डायरीत पैशापैशाचा हिशेब लिहीत असे. चार दिवस आम्ही पुरी-भाजी, डाळ-भात आणि घरून नेलेले लाडू यांवर काढले. एका संध्याकाळी शेजारच्या टेबलावर अख्खा तळलेला पापलेट आला. मुलगा त्याच्याकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे. मी म्हणालो, "उद्या." तो उद्या आला नाही. परत आलो तेव्हा हजार-अकराशे रुपये वाचले होते. ते मी मुलाच्याच नावाने ठेवीत टाकले आणि स्वतःवर खूश झालो. समुद्राने वेढलेल्या गावातून मुलाला मासा न देता परत आणलं, याची नोंद डायरीत कुठे नव्हती.

"तेव्हाच ठरवलं होतं," मुलगा म्हणाला, "की माझ्या मुलीला मी 'उद्या' म्हणणार नाही."

त्या रात्री झोप लागली नाही. मी कद्रूपणाला काटकसर म्हणत आलो, हे कबूल करायला हवं होतं. पण म्हणून ताटात टाकून दिलेला साडेतीन पदार्थांचा ढीग बरोबर ठरतो का? तेही मनाला पटेना.

पहाटे फिरत फिरत मी धक्क्यावर गेलो. एका बोटीतून माल उतरत होता. कांद्याची पोती, बटाट्याची पोती, अंड्यांचे ट्रे, दूध पावडरीची खोकी, बिस्किटं. थोड्या अंतरावर एक लहान होडी वाळूला लागली होती आणि दोन पोरं तिच्यातून हातभर लांबीच्या सुरमया उतरवत होती. बँकेच्या तपासणीत जे वर्षानुवर्षं शिकलो ते इथे दोन मिनिटांत डोळ्यांसमोर मांडलेलं होतं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम ही तिन्ही बंदरं इथून साधारण बाराशे किलोमीटर दूर. तिथून निघालेलं कांद्याचं पोतं आधी पोर्ट ब्लेअरला येतं, तिथून दुसऱ्या बोटीत चढतं आणि मग या बेटावर. प्रत्येक चढउताराला हमाली, भाडं, नासाडी. वादळवारा असला की बोट रखडते आणि भाव चढतो. बेटावर खर्च कुठे होतो, तर जे मोठ्या जहाजातून आलं त्यावर. जे होडीतून आलं, किंवा मागच्या परसात उगवलं, ते ताजंही असतं आणि स्वस्तही. आम्ही आदल्या रात्री चार हजार पन्नास रुपये देऊन जवळजवळ सगळं जहाजातलंच खाल्लं होतं!

त्या दुपारी मी सगळ्यांना बाजारात नेलं. हॉटेल कसलं, पत्र्याचं छप्पर, चार बाकं आणि आत रांधणारी एक बंगाली बाई. या बेटांवर १९४९ पासून पूर्व बंगालच्या निर्वासितांना वसवलं गेलं. हॅवलॉक आणि शेजारचं नील म्हणजे आजचं शहीद द्वीप, इथली वस्ती बहुतेक त्यांचीच. नीलवर तर भाजीपाला इतका पिकतो की आसपासच्या बेटांना जातो. बाईंच्या ताटात भात, मसुरीची डाळ, मायाळूची भाजी, भोपळ्याची भाजी आणि मोहरी वाटून केलेलं सुरमईचं कालवण. भात, डाळ, भाजी पाहिजे तितकी. माशाचं ताट दोनशे रुपये, बिनमाशाचं एकशे चाळीस. चार माशांची ताटं, सौ.चं एक साधं आणि वर अडीचशेची तळलेली सुरमई. अकराशे नव्वद. नातीने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. मोहरीच्या झणक्याने नाक पुसत ती म्हणाली, "आजोबा, उद्या पण इथेच." तो 'उद्या' मात्र आला, आणि परवाही आला.

गुरुवारी पेच पडला. मार्गशीर्षातला गुरुवार. सौ.चा उपास, आणि तिच्या मनात आपल्यामुळे सगळ्यांचा विरस होणार ही बोच. "अहो, मी खोलीवर राहते, तुम्ही जाऊन या," असं तिचं चाललं होतं. मी नेलंच. बाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि कोपऱ्यातल्या लक्ष्मीच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. बंगाल्यांकडे गुरुवार हा लक्ष्मीचाच वार! "दीदीची काळजी करू नका दादा," त्या म्हणाल्या. दुपारी पपई, केळी, शहाळं. संध्याकाळी उपास सोडायला भात, मुगाची डाळ, केळफुलाची भाजी आणि खीर. सगळं बिनकांद्याचं, बिनलसणीचं. सौ. कोकणातली. केळफूल कसं निवडता, चीक हाताला लागू नये म्हणून काय करता, यावर दोघींची मोडक्यातोडक्या हिंदीत अर्धा तास चर्चा झाली. चार दिवसांतलं ते सगळ्यांत स्वस्त जेवण होतं, कारण त्यात जहाजातून आलेलं फारसं काही नव्हतंच.

हे सांगताना मला एक गोष्ट दडवायची नाही. ही बेटं म्हणजे नुसती मौजेची जागा नव्हे. सेल्युलर जेलमध्ये सावरकर बंधूंनी काथ्या कुटला, कोलू ओढला. मराठी माणूस तिथे डोकं टेकवल्याशिवाय पुढे जात नाही आणि जाऊही नये. त्याच तुरुंगात मे १९३३ मध्ये राजकीय कैद्यांनी उपोषण केलं. त्यांच्या मागण्यांत माणसाने खावं असं अन्न मिळावं हीही मागणी होती. उपोषण मोडण्यासाठी जबरदस्तीने नळीने दूध घालण्यात आलं आणि त्या छळात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा यांचे प्राण गेले. १९४२ मध्ये जपानी आले. १९४५ पर्यंत धान्याचा इतका तुटवडा झाला की शेती करायला नेतो असं सांगून त्यांनी शेकडो माणसांना बोटींत भरलं आणि याच हॅवलॉकच्या किनाऱ्याजवळ समुद्रात लोटलं. वाचले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्या भूमीवर अन्नासाठी माणसं मेली, तिथे ताटात पास्ता टाकून उठणं मला तरी जड गेलं.

आता थोडं आपल्या पर्यटनाविषयी. 'परदेशातही वरण-भात', 'समुद्रावर पुरणपोळी' अशा जाहिराती आपण आवडीने वाचतो. बरोबर आचारी नेणाऱ्या सहलींनी आपल्या आयाबायांना घराबाहेर काढलं, हे त्यांचं मोठं पुण्य आहे. ज्यांना पथ्य आहे, ज्यांचं वय झालं आहे, त्यांना ती सोय हवीच. पण धडधाकट माणसांनीही बाराशे किलोमीटर समुद्र ओलांडून फक्त स्वतःचंच स्वयंपाकघर शोधावं? मालवणात येऊन पनीर मागणाऱ्या पाहुण्याला आपण मनातल्या मनात हसतो. अंदमानात आपण तेच करतो. शिवाय त्या बंगाली बाईंना दिलेले पैसे त्यांच्या मुलाच्या शाळेत, होडीवाल्याच्या घरात, भाजीवाल्याच्या वाफ्यात जातात. बेटावरचा पैसा बेटावर राहतो. माझ्या जुन्या धंद्यात याला चांगलं कर्जवाटप म्हणतात.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. खोली घेताना फक्त नाश्ता घ्या, दोन्ही वेळचं जेवण आधी बांधून घेऊ नका. मोठं जेवण दुपारी करा आणि जिथे रिक्षावाले, धक्क्यावरचे हमाल जेवतात तिथे करा. दोन-अडीचनंतर कालवण संपतं. मेनूकार्ड मागण्याआधी 'आज काय आलं?' विचारा. अख्खा मासा घ्यायचा तर शिजवण्यापूर्वी वजन करून भाव ठरवा. नंतरचा वाद कोणालाच शोभत नाही. फळं बाजारातून घ्या. थोडी रोकड जवळ ठेवा, बेटावर नेटवर्क कधीही रुसतं. मेतकुटाची एक पुडी बरोबर असू द्या, पोट बिघडलं तर मऊ भाताला तिच्यासारखा सोबती नाही. आणि दोनशेच्या ताटावर घासाघीस करू नका. ती काटकसर नव्हे.

काटकसर म्हणजे कमी खाणं नव्हे, हे मला वयाच्या पासष्टीनंतर कळलं. कुठे पैसा वाया जातो हे ओळखणं, आणि तिथला वाचवून जिथे आनंद आहे तिथे हात सैल सोडणं. यातला पहिला भाग मला नोकरीने शिकवला. दुसरा मुलाने, तीस वर्षं उशिरा.

शेवटच्या संध्याकाळी पोर्ट ब्लेअरमध्ये परतलो. अबरदीन बाजारात थोडी खरेदी झाली. मग मीच सगळ्यांना एका जरा बऱ्या हॉटेलात नेलं. आदल्या दिवसांत वाचलेले पैसे खिशात होते. पापलेट नव्हता, पण लालचुटुक तांबोशी होती, दीड किलोची. वजन करून घेतलं, भाव ठरवला, तेराशे पन्नास. अख्खी तळून आणायला सांगितली. ती आली तेव्हा नात तिच्याकडे बघत राहिली आणि मी मुलाकडे. त्याने पहिला मोठा तुकडा काढला आणि माझ्या ताटात वाढला. मी तो उचलून त्याच्या ताटात ठेवला.

"बाबा, अहो घ्या ना."

"आधी तू घे," मी म्हणालो. "तुझी जुनी बाकी आहे."

बँकेत ज्या रकमेचा हिशेब लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. दीवचा पापलेट माझ्याकडे तीस वर्षं तिथेच पडून होता. त्या रात्री डायरीत मी तेराशे पन्नास रुपये लिहिले आणि ते खातं बंद केलं. व्याज मात्र अजून द्यायचं राहिलं आहे. पुढच्या सुट्टीत दीवला जायचं म्हणतो.