नकाशातला पाऊस आणि शेतातला पाऊस

जून महिना लागला की हवामानाचा नकाशा आपल्या सार्वजनिक जीवनात अवतरतो. वृत्तपत्रात, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणि आता हातातल्या फोनवरही तो दिसू लागतो. कुठे पिवळा जिल्हा, कुठे नारिंगी, कुठे तांबडा. आपण तो पाहतो. वाचत मात्र नाही. वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवून खुशाल बाहेर पडावे, हा विनोद महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पगारदार माणसाला हा विनोद परवडतो. अंदाज चुकला तर फार तर त्याचे कपडे भिजतात. कोरडवाहू शेतकऱ्याचे मात्र बियाणे जाते, खत जाते, आणि ही दोन्ही बहुधा उधारीवर आणलेली असतात. तेव्हा या विनोदात सामील होण्यापूर्वी कार्यकर्त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा. चुकला तो अंदाज, की आपले वाचन?

२०२५ सालचे उदाहरण घ्या. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. या दोन्ही ठिकाणांच्या नेहमीच्या तारखा अनुक्रमे १ जून आणि ११ जून अशा आहेत. नकाशावर मोसमी पावसाच्या आगमनाची रेषा झपाट्याने वर सरकली आणि राज्यभर आनंद पसरला. त्यानंतर मात्र ती रेषा सुमारे दोन आठवडे जागची हलली नाही. रेषा आपल्या जिल्ह्यावरून गेली म्हणजे पेरणीचा मुहूर्त आला, असा अर्थ ज्यांनी काढला त्यांच्यापुढे दुबार पेरणीचे संकट उभे राहिले. वस्तुतः ती रेषा एवढेच सांगते की मोसमी प्रवाह इथवर आला आहे. जमिनीत ओल किती उतरली, हे ती सांगत नाही. ते पर्जन्यमापक सांगतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून वाफसा आल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी खात्याचा सल्ला नकाशातील रेषेसाठी नसून शेतातील मातीसाठी आहे. या दोन गोष्टींतील फरक गावात वेळेवर समजावून सांगणारा माणूस असेल, तर एका हंगामाचे कर्ज वाचू शकते.

नकाशा वाचणे ही काही गूढ विद्या नाही. शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी समदाब रेषा शिकलो आहोत. समान वायुदाबाची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषा आपल्याकडील नकाशांत सामान्यतः दोन-दोन हेक्टोपास्कलच्या अंतराने काढतात: ९९८, १०००, १००२, याप्रमाणे. त्या एकमेकींच्या जवळ आल्या की वारा जोराचा, आणि दूर गेल्या की मंद. जिथे रेषा वेटोळे घालून बंद होतात आणि आतील आकडा सर्वांत लहान असतो, ते कमी दाबाचे क्षेत्र. वाऱ्याच्या खुणेची दांडी वारा जिकडून येतो त्या दिशेला असते. तिच्यावरील अर्धी काडी पाच सागरी मैलांचा ताशी वेग दाखवते, तर पूर्ण काडी दहाचा. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, तर कमी दाब डाव्या हाताला असतो. एवढे ठाऊक असले तरी निम्मा नकाशा बोलू लागतो.

उरलेल्या निम्म्यासाठी महाराष्ट्रात तीन जागांवर नजर ठेवावी. पहिली जागा बंगालचा उपसागर. तेथे कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन पश्चिम-वायव्येकडे सरकू लागले की प्रथम विदर्भाला आणि पुढे त्याच्या मार्गानुसार इतर भागांना पाऊस मिळतो. दुसरी जागा राजस्थानपासून उपसागराच्या उत्तर भागापर्यंत पसरलेला मोसमी कमी दाबाचा पट्टा. हा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिकडे पूर येतात आणि आपल्याकडे उघडीप पडते. ती आठवडाभरही टिकू शकते. तिसरी जागा गुजरातपासून केरळपर्यंतच्या किनाऱ्याला समांतर असणारा कमी दाबाचा पट्टा. तो प्रबळ झाला की कोकण आणि घाटमाथा भिजतो. मात्र सह्याद्री ओलांडताच पाऊस झपाट्याने घटतो, हे माण, खटाव किंवा आटपाडीच्या शेतकऱ्याला नकाशाने सांगावे लागत नाही. त्यामुळे ‘राज्यात सर्वदूर पाऊस’ हा मथळा कोणत्या पट्ट्याच्या जोरावर बेतला आहे, एवढे पाहिले तरी त्यात आपला तालुका बसतो की नाही हे कळते.

यापेक्षा अधिक घोटाळा होतो तो शब्दांचा. हवामान खात्याचे शब्द मोजून वापरलेले असतात आणि आपण ते सैलपणे ऐकतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील फार तर एकचतुर्थांश केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे तीनचतुर्थांशापर्यंत, आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, ‘अति मुसळधार’ म्हणजे २०४.४ पर्यंत, आणि त्याहून अधिक पडला तर ‘अत्यंत मुसळधार’. नुसती ‘शक्यता’ वर्तवली असेल तर तिचे प्रमाण शंभरात २५ ते ५० एवढेच असते. याचा अर्थ, ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य वाचून ज्या गावात थेंब पडला नाही, त्या गावाने अंदाज खोटा ठरला असे म्हणण्याचे कारण नाही. त्या वाक्यानुसार पाऊस न पडणारी गावेच अधिक असणार होती.

रंगांचेही तसेच. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, तांबडा म्हणजे कृती करा. हे रंग पावसाचे माप नव्हेत. ते माणसाने काय करायचे याच्या सूचना आहेत, आणि सर्वप्रथम प्रशासनासाठी आहेत. पिवळ्या रंगाकडे आपण दुर्लक्ष करतो. पण पुष्कळदा तो विजांच्या कडकडाटाचा इशारा असतो, आणि वीज पडते ती उघड्या रानात काम करणाऱ्या मजुरावर किंवा गुराख्यावर. अशा दिवशी दुपारनंतर ढग दाटू लागले की मजुरांना झाडाखाली न थांबवता पक्क्या निवाऱ्यात पाठवणे, हे नकाशा वाचण्याचेच पुढचे पाऊल आहे.

अर्थात नकाशाच्या मर्यादाही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. २६ जुलै २००५ चा दिवस मुंबई विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझच्या केंद्रावर ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच शहरातील कुलाब्याच्या केंद्रावर ती ७५ मिलिमीटरही नव्हती. एका शहरातील दोन केंद्रांत एवढे अंतर पडत असेल, तर संपूर्ण जिल्ह्याला दिलेला एक रंग प्रत्येक शिवाराला लागू पडेल ही अपेक्षाच चूक आहे. हंगामाच्या टक्केवारीचीही हीच गत. २०२३ साली देशात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. आकडा ऐकून वाटते, सहा टक्क्यांचीच तर तूट! पण त्याच वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट होता आणि त्या महिन्याची तूट ३६ टक्के होती. सोयाबीन फुलोऱ्यात असताना पाण्याने ओढ दिली, तर सप्टेंबरातील सरी टक्केवारी सुधारतात. पीक सुधारत नाहीत. सरासरीवर शेती होत नाही, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी शेतकऱ्याला कळलेले असते.

येथे प्रश्न विज्ञानाकडून व्यवस्थेकडे वळतो. शेतकऱ्याच्या नुकसानीचा निर्णय नकाशावर होत नाही, तो पर्जन्यमापकावर होतो. आपल्या राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी मानण्याचा निकष आहे. मंडळाचे मोजयंत्र एका गावात आणि ढगफुटीसारखा पाऊस दुसऱ्या गावात, असे झाले तर वाहून गेलेल्या मातीला कागदावर अस्तित्वच उरत नाही. यंत्र कोठे बसवले आहे, ते झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला आहे काय, ते बंद पडले होते काय, हे प्रश्न कोणी विचारायचे? ज्याला नोंद वाचता येते त्याने. अज्ञानी माणसाच्या तक्रारीला ‘यंत्रात नोंद नाही’ या तीन शब्दांत वाटेला लावता येते.

हवामानशास्त्र ही या देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक सेवांपैकी एक आहे. हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले, आणि पुण्यातील वेधशाळेला लोक अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले. दीडशे वर्षे साठत आलेल्या या नोंदी आणि त्यांवर बेतलेले अंदाज जनतेच्या पैशातून तयार होतात. ते जनतेच्या भाषेत, तालुक्याच्या पातळीवर आणि वेळेवर पोहोचले पाहिजेत. असे असताना २०२४ साली देशभरातील कृषी विज्ञान केंद्रांमधले जिल्हा कृषी हवामान कक्ष बंद करण्यात आले. यंत्र अंदाज देईल, पण ‘आज फवारणी करू नका, दोन दिवस थांबा’ हे शेतकऱ्याला त्याच्या पिकाचे नाव घेऊन सांगणारा माणूस हवाच. तो काढून टाकणे ही काटकसर नव्हे. शासन ही जागा रिकामी ठेवील तेव्हा ती बियाण्यांचा विक्रेता आणि फोनवरून फिरणाऱ्या अफवा भरून काढतील.

म्हणून सूचना अगदी साधी आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रत्येक गावातील एका कार्यकर्त्याने रोज चावडीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तीन ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळीत आपल्या मंडळात गेल्या २४ तासांत सकाळी साडेआठपर्यंत पडलेला पाऊस. दुसरीत आपल्या जिल्ह्याचा अंदाज, हवामान खात्याच्याच शब्दांत, एकही शब्द न वाढवता. तिसरीत कमी दाबाचे क्षेत्र आज कोठे आहे आणि काल कोठे होते. अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी तसे लिहावे, लपवू नये. हंगामाच्या अखेरीस ही वही गावाची स्वतःची नोंद होईल, आणि पंचनाम्याच्या वेळी तहसीलदारापुढे ती ठेवता येईल. खडू आणि फळा यांखेरीज या कामाला काही लागत नाही. रोज सकाळी पंधरा मिनिटे मात्र लागतात, आणि ती चार महिने न चुकता द्यावी लागतात.