संघटना साहेबांची, खिडकीतली रांग आमची

जून उजाडला की आमच्या फोनवर एकाच तऱ्हेचे कॉल सुरू होतात. कधी रिसोडहून, कधी मानोऱ्याहून, कधी मंगरुळपीरहून. "दादा, शिष्यवृत्ती जमा झाली नाही म्हणून टीसी देत नाहीत." मुलगा हुशार, पुढचा प्रवेश तोंडावर आणि कागद कार्यालयाच्या कपाटात. फी भरून घेतल्याशिवाय मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नका, असे नव्हे, तर मूळ कागदपत्रे अडवूच नका, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 सालीच बजावले आहे. तरी खिडकीतले उत्तर ठरलेले: "साहेबांना भेटा."

हे साहेब एकटे नाहीत. प्राचार्यांचे महासंघ आहेत, संस्थाचालकांची महामंडळे आहेत, विद्यापीठ अधिकाऱ्यांचे फोरम आहेत. संघटना असावी, याला आमचा विरोध कसा असेल? संघटित व्हा, हे तर आम्हाला बाबासाहेबांनीच शिकवले. संघटनेची ताकदही आम्ही पाहिली आहे. 2013 साली एमफुक्टोने परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा सरकार हादरले आणि 71 दिवसांच्या पगाराचे भांडण न्यायालयापर्यंत गेले. आमचा प्रश्न एवढाच आहे: वेतनश्रेणी, निवृत्तीचे वय आणि वेतनेतर अनुदान यांवर ठराव करणाऱ्या साहेबांच्या संघटना अडवलेल्या टीसीवर ठराव का करत नाहीत?

साहेब म्हणतील, सरकारच पैसे वेळेवर देत नाही, कॉलेज चालवायचे कसे? मान्य. पण मग भांडा सरकारशी! कर्जदार सरकार आहे आणि जप्ती मात्र मजुराच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर, हा कुठला न्याय?

या मौनाचे कारण साहेबांच्या स्वभावात शोधू नका, रचनेत शोधा. एकाकी पदाला आरक्षण लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1998 साली दिला. संस्थेचे एकच महाविद्यालय असेल तर प्राचार्यपद एकाकीच. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने अधिसभेत प्राचार्यांना दहा आणि व्यवस्थापनांना सहा जागा दिल्या, त्यांत राखीव जागाही ठेवल्या. पण आमचा माणूस प्राचार्यच झाला नाही, तर त्या राखीव जागेवर उभा कोण राहणार? वाशिम जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार जवळपास 19 टक्के आहे. आपल्या तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांच्या खुर्च्या मोजा आणि हा आकडा शेजारी लिहून पाहा.

बाबासाहेबांना हे फार आधी दिसले होते. 1927 साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी मागासवर्गीयांना सिनेटमध्ये प्रतिनिधित्व मागितले. 1935 साली ते स्वतः मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढल्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. कारभार कोणाच्या हातात आहे यावर शिक्षण कोणाच्या वाट्याला येणार हे ठरते, हे त्यांनी जाणले होते. आणि आपले विद्यापीठ कोणाच्या नावाचे आहे? पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या सोसायटीच्या हवाली करणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाचे! त्या नावाखाली गरिबाचा दाखला अडतो.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्यातले जे मोजके लोक प्राचार्य, कुलसचिव, अधीक्षक झाले, त्यांतले अनेक जण महासंघाच्या व्यासपीठावर गेले की गप्प होतात. 14 एप्रिलला हार घालायला येतात, 15 एप्रिलला फोन उचलत नाहीत. आणि आम्ही कार्यकर्ते? डीजेची वर्गणी वेळेवर गोळा करतो, पण अधिसभेच्या पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवायचा अर्ज भरत नाही. अधिसभेत पदवीधरांच्याही दहा जागा आहेत. त्या कोण जिंकतो, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्राचार्यांच्या संघटनांनी जाहीर ठराव करावा की शिष्यवृत्तीच्या थकबाकीपायी एकाही विद्यार्थ्याचा कागद अडवला जाणार नाही. आयोगाच्या 2012 च्या समता विनियमांप्रमाणे आपल्या महाविद्यालयात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी आहे की नाही, हे प्रत्येक प्राचार्याने फलकावर लावावे. आमच्या तरुणांनी माहितीच्या अधिकारात हेच विचारावे, अर्जाची पोच जपून ठेवावी आणि गावातल्या प्रत्येक पदवीधराचे नाव मतदार यादीत घालावे.

साहेबांची संघटना साहेबांसाठी भांडते, यात नवल नाही. आमची संघटना आमच्यासाठी भांडत नाही, दुखणे हे आहे. पुढच्या जूनमध्ये फोन आला, तर त्या मुलासोबत खिडकीशी एकटा दादा नको, सगळी वस्ती उभी हवी.

जय भीम!