परक्या झाडाची ढाल

टोमॅटोच्या रोपास हात लावला असतां बोटांस हिरवट, चिकट डाग पडतो व उग्र वास येतो, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. त्या पानांवर बारीक लव असून तींतील कित्येक केंसांच्या टोकांस रसाच्या गांठी असतात. लहान किडा त्या रसांत अडकतो, अथवा त्याच्या चवीनें मागें फिरतो. शत्रु आला असतां वनस्पतीस पळतां येत नाहीं. ही लव हीच तिची ढाल होय.

परंतु अशी ढाल घेऊन एखादें झाड परक्या मुलुखांत शिरलें तर काय होतें? गाजरगवताचें उदाहरण घ्या. अमेरिका खंडांतील हें तण १९५५ च्या सुमारास पुण्यास अभ्यासकांच्या नजरेस आलें आणि पुढें देशभर पसरलें. त्याची लव टोमॅटोइतकी चिकट नाहीं. पण तींत पार्थेनिन नांवाचें कडू, विषारी द्रव्य सांठलेलें असतें. येथील बहुतेक किड्यांस तें मानवत नाहीं, व गुरेंहि त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. मग एकेक झाड हजारों बिया टाकूं लागल्यावर त्यास आवर कोणीं घालावा?

मेक्सिकोंतील एक भुंगेरा मात्र हें पान आवडीनें खातो. तो त्या झाडाचा पिढीजाद सोबती आहे. १९८४ सालीं तो मुद्दाम बंगळूरास सोडण्यांत आला. पावसाळ्यांत तो चांगलें काम करितो, परंतु कोरडे दिवस येतांच जमिनींत दडून बसतो.

कित्येक म्हणतात, भुंगेरा आहे, फवारे आहेत. आपण हात कां मळवावे? आम्हांस हें पटत नाहीं. फुलावर येण्यापूर्वीं उपटलेलें एक झाड म्हणजे पुढील वर्षींचीं हजारों झाडें टळलीं. पावसानें जमीन मऊ असतां मोठ्यांनीं हातमोजे घालून तें मुळासकट काढावें. मुलांस मात्र उघड्या हातांनीं त्यास शिवूं देऊं नये. किड्यांस दूर ठेवणाऱ्या त्याच द्रव्यानें आपल्या अंगावर खाज व पुरळ उठतें.

आणखी एक. घाणेरी आमच्या देशांत शोभेसाठींच आणिली गेली. आज तिनें रानेंच्या रानें व्यापिलीं आहेत. म्हणून विद्यार्थ्यांनो, बागेंत परदेशी रोप लावतांना त्याचें फूल किती सुंदर आहे एवढेंच पाहूं नका. त्याचें पान येथें कोण खातो, हेंहि विचारा.