हात कुणाच्या नजरेसाठी?

मळणीयंत्रात किंवा कारखान्याच्या प्रेसमध्ये हात गमावलेल्या पुरुषाला विचारतात, "काम काय करता?" बाईपुढे मात्र नखं कोरलेला, बोटं न हलणारा शोभेचा हात ठेवला जातो. "बाईमाणसाला आकडा कसा शोभेल?" समाजकार्यकर्ती म्हणून हे मी वारंवार ऐकते. शोभा कुणाची आणि काम कुणाचं?

दुभंगलेल्या आकड्याचं पेटंट १९१२ साली डॉरन्स या अमेरिकन माणसाने घेतलं. त्याचा स्वतःचा हात गेलेला होता. खांदा पुढे केला की तार ताणून आकडा उघडतो, रबराने मिटतो. बादलीची कडी, कुलूप, सायकलची मूठ त्यात धरता येते. स्नायूंच्या संदेशावर चालणारा बॅटरीचा हात दिसायला हातासारखा. पण तो महाग, रोज चार्ज करावा लागणारा आणि बहुधा पाण्याला जपावा लागणारा. आमचा दिवस तर पाण्यानेच सुरू होतो!

मनगटाचा जोड योग्य असेल तर कामाला आकडा आणि समारंभाला हात, असं बदलताही येतं. ती निवड बाईची असावी. आधी तिच्या दिवसाची यादी करा, हात वापरून पाहू द्या. पट्टा काखेतून जातो; माप घ्यायला स्त्री तंत्रज्ञ हवी. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं चौथं कलम अपंग स्त्रियांच्या समान हक्कांची जबाबदारी सरकारवर टाकतं. ती इथे दिसू दे.

आणि भाकरी थापायला यातला कुठलाच हात पुरत नसेल, तर मैत्रिणींनो, घरातल्या पुरुषाला दोन धडधाकट हात आहेतच की!